घासलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन पुन्हा बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की दिवाळे, करावे, सारसोळे, वाशीगाव इकडच्या होड्या वर ओढल्या जातात आणि नवी मुंबईत बेलापूरच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनांची रांग लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे इंजिन खोलायला हेच दोन महिने. प्रश्न दरवर्षी तेच. निम्मे फोनवर येतात, तेही माझे हात ऑइलने बरबटलेले असताना. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

हे सगळं १५ ते ४० हॉर्सपॉवरच्या, दोन सिलिंडरच्या, दोरीने सुरू होणाऱ्या पेट्रोलच्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या, इंजिनांबद्दल आहे. बोल्टचा टॉर्क आणि नेमकी मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात, ती त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत.

इंजिनात दम राहिला नाही. खोलू का?

लगेच नको. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतलं रबर घसरलेलं असतं, कार्बोरेटरचं जेट बुजलेलं असतं, एक प्लग मेलेला असतो, नाहीतर टाकीच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब हवा ओढत असतो. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरले तरी इंजिन दमल्यासारखंच वाटतं. ही सगळी दुखणी बाहेरची. ती तपासून झाली की मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते बघायचं.

इंजिन पाच-दहा मिनिटं पाण्यात चालवून गरम करा. दोन्ही प्लग काढा आणि त्यांच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थ करा. तसं केलं नाही तर सीडीआय (ठिणगी तयार करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो, शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तिथे ठिणगी नको. थ्रॉटल पूर्ण उघडा. न्यूट्रलमध्ये उघडत नसेल तर कार्बोरेटरचा बटरफ्लाय (हवेची झडप) हाताने धरून ठेवा. दाब मोजायचं गेज प्लगच्या भोकात आवळा आणि दोरी सारख्या जोराने पाच-सहा वेळा ओढा. आकडा खडूने इंजिनावरच लिहा, कागद हरवतो. मग दुसरं सिलिंडर.

एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नका, कारण प्रत्येक गेज वेगळं आणि प्रत्येकाचा हात वेगळा. बघायचा तो दोघांमधला फरक. एक ११० आणि दुसरं १०५ पीएसआय असेल तर इंजिन ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. एक ११० आणि दुसरं ७५ असेल तर पाने काढा आणि इंजिन खोला.

आकडा कमी आला म्हणजे बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलंच का?

तसंच काही नाही. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनवरच्या रिंगा किंवा बोअर. ढिम्म हलला नाही तर हेडचं (सिलिंडरच्या झाकणाचं) पॅकिंग उडालंय किंवा पिस्टनला भोक पडलंय.

रिंगा दरवेळी झिजलेल्याच असतात असंही नाही. काजळीने खाचेत चिकटल्या तरी कॉम्प्रेशन जातं. बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टचं कव्हर काढलं की पोर्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. लाकडाच्या काडीने रिंग हळूच दाबा. दबून परत आली तर जिवंत आहे. दगडासारखी घट्ट असेल तर कार्बन सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. काही वेळा एवढ्यावर भागतं आणि तांडेल (होडीचा प्रमुख) खूश होऊन माझ्यासाठी बोंबलाची जुडी ठेवून जातो. पण पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर स्प्रेचे पैसे वाया.

पिस्टन-रिंगा बदलल्या की झालं ना?

याचं उत्तर मी सगळ्यात सविस्तर देतो, कारण इथेच मी स्वतः आपटलोय.

सुरुवातीच्या वर्षांत दिवाळे गावातल्या एका होडीचं इंजिन आलं. खालचा पिस्टन चावला, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकला होता. मी बोअर करून घेतलं, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवं पॅकिंग, वर रंगसुद्धा मारला. इंजिन पहिल्या दोरीला उठलं. दुसऱ्या आठवड्यात तांडेल तेच इंजिन खांद्यावर घेऊन दारात. तोच पिस्टन, तीच बाजू. “मास्तर, रंग मस्त आहे,” एवढंच बोलला. पुन्हा खोललं तेव्हा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) खालच्या टोकाचं ऑइल सील हातात आलं. त्याची कड नखाने दाबली तर बिस्किटासारखी मोडली. पहिल्यांदा खोललं तेव्हाही ते माझ्या समोरच होतं. वरून धड दिसलं म्हणून तसंच बसवलं होतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि रीड वाल्वमधून (आतच उघडणाऱ्या झडपेतून) पेट्रोल-ऑइल मिसळलेली हवा आत येते. पिस्टन खाली आला की तीच हवा दाबली जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढते. सील फाटलं की ओढताना बाहेरची हवासुद्धा आत घुसते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ते हलकं होतं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. सिलिंडर तापतं, पिस्टन फुगतो आणि चावतो. खालच्या सीलला आणखी एक त्रास, तिथून एक्झॉस्टचा धूर आणि खारं पाणीही आत ओढलं जातं, त्यामुळे खालचं बेअरिंग गंजतं.

तेव्हापासून माझा नियम एकच: इंजिन कशाने मेलं ते कळल्याशिवाय बांधायला घ्यायचं नाही. जुना पिस्टन भंगारात टाकू नका, उजेडात धरून बघा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णता वाढली होती, म्हणजे पाणी अडलं किंवा मिश्रण हलकं झालं. चार ठिकाणी, जणू चार कोपऱ्यांवर घासलेला असेल तर गार इंजिन लगेच फुल मारलं गेलं, नाहीतर बोअर घट्ट केलं होतं. चारी बाजूंनी घासून इनटेकची बाजूही सुटली नसेल तर ऑइल पोचलंच नाही. डोक्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली किंवा भोक पडलं तर आत इंधन चुकीचं पेटून ठोका बसत होता: चुकीचा प्लग, चुकीचं टायमिंग, हलकं मिश्रण किंवा पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल. डोकं एका जागी धुतल्यासारखं चकचकीत आणि बाकी काळं असेल तर तिथे पाणी शिरत होतं. आणि डोक्यावर टोचल्यासारखे खड्डे असतील तर रिंगेचा नाहीतर बेअरिंगच्या सुईचा तुकडा आत नाचून गेलाय. तो कुठे गेला ते शोधा, बहुतेक खाली क्रँककेसमध्ये सापडेल.

मुतारीतून धार चांगली येते, म्हणजे थंडावा बरोबर आहे ना?

(बाजूने पाणी उडतं त्या भोकाला आमच्याकडे हेच नाव आहे, त्याला इलाज नाही.) धार आली म्हणजे पंप पाणी उचलतोय एवढंच कळतं. ब्लॉकच्या पोटात काय चाललंय हे ती सांगत नाही.

ठाण्याच्या खाडीचं पाणी तुम्हाला माहीतच आहे. ओहोटीला वाशी पुलाखाली नुसता रेंदा. उधाणाच्या भरतीला तोच गाळ ढवळून वर येतो आणि इंजिन तो पितं. अमावास्या-पौर्णिमेला होडी चालवणाऱ्याचा इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी पात्यांचं चक्र), भांगावर, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, चालवणाऱ्यापेक्षा लवकर जातो हे मी शेडमध्ये बसून सांगू शकतो. रबराच्या पात्यांच्या कडा गोल होतात, त्याखालच्या स्टीलच्या पत्र्यावर चर पडतात. हंगामाला एक इम्पेलर बदला, दिसायला चांगला असला तरी. चर नखाला लागत असेल तर पत्राही. बसवताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत पंपाचा कप खाली सरकवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. आणि इम्पेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी चावी विसरू नका. ती जमिनीवर सापडली की पाय (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) पुन्हा खोलणं आलं.

पंपानंतर तांब्याची नळी, तिच्या टोकाचं रबर, मग ब्लॉकभोवतीचं पाण्याचं जॅकेट. त्याचं कव्हर काढलं की आत मीठ आणि गाळ यांचा थर दिसतो, जुन्या माठाच्या बुडासारखा. टोकदार लाकडाने खरवडा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास भिजवा, मग भरपूर गोडं पाणी. संडासचं ॲसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत. ते मीठ खातं आणि ॲल्युमिनियमही खातं.

थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गॅस लावा. साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागला पाहिजे, नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच असतो. “थर्मोस्टॅट काढून टाकला, आता गरमच होत नाही” असं अभिमानाने सांगणारे भेटतात. गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, काजळी धरते आणि रिंगा चिकटतात. मग पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरू.

धार अचानक बंद झाली तर घाबरण्याआधी भोकात बारीक तार घाला. वर ओढलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते. दोनदा तरी मी त्या माशीमुळे पूर्ण पंप खोललाय.

बोल्ट निघतच नाहीत. हातोडी मारू?

मीठ, स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की बोल्ट वितळून एकजीव झाल्यासारखा बसतो. गंज सोडवणारं तेल सोडा आणि एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी डोक्यावर हलके ठोके, मग आवळायच्या दिशेने एक टिचकी, मग सोडवायच्या. हलला तर थोडं पुढे, थोडं मागे. नाही हलला तर आजूबाजूच्या ॲल्युमिनियमला हीट गनने ऊब द्या, ते स्टीलपेक्षा जास्त फुगतं. जवळ पेट्रोल नाही ना हे आधी बघा. मोडलाच तर घरी ड्रिल घालू नका. ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं आणि भोक वाकडं होतं. टर्नरकडे न्या, तो मध्यावर भोक घेऊन काढेल आणि आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवेल. परत बसवताना प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस लावा. पुढच्या वेळी खोलणारा तुम्हाला दुवा देईल. तो बहुधा मीच असेन.

बोअर करायचं (सिलिंडर कापून मोठं करायचं) की नुसतं होनिंग (दगडाने बारीक घासणं)?

मोजल्याशिवाय कुणीही सांगितलं तर ऐकू नका, मी सांगितलं तरी.

बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर मोजायचं, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या रेषेत एकदा, आडवं एकदा. सहा आकडे. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, आडव्या-उभ्यातला फरक म्हणजे बोअर लंबगोल झाल्याचं माप. अनेक मॅन्युअलमध्ये टेपरची मर्यादा ०.०८ मिमी आणि लंबगोलची ०.०५ मिमी दिलेली असते. त्याच्या आत असाल आणि ओरखडे नखाला लागत नसतील तर जुन्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा आणि होनिंग एवढंच पुरतं. बाहेर गेलात तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढा मोठा पिस्टन आणि त्याच्या मापाचं बोअर.

एक गोष्ट टर्नरला आधीच सांगा: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावायचा नाही. तो पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि मॅन्युअलमधला गॅप ठेवून त्याच्या मापाने बोअर करायचं. आधी बोअर, मग बाजारात पिस्टन शोधणं म्हणजे आधी ब्लाउज शिवून मग बाई शोधण्यासारखं.

पावणे, रबाळे, तुर्भे एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बोअर-होनिंग करणारे आहेत, पण त्यांचा रोजचा धंदा चार-स्ट्रोकचा. टू-स्ट्रोकच्या भिंतीला खिडक्या असतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात आणि रिंग दर फेरीला त्यांवरून जाते. त्या कडा बारीक कानसने किंवा स्टोनने मोडायच्या. हे विसरलं तर रिंग पहिल्याच तासात अडकून तुटते. ब्लॉक परत आला की मी बोटाच्या पेराने प्रत्येक पोर्टची कड आतून चाचपतो. कातडी अडकली तर ब्लॉक तसाच परत.

होनिंगनंतर भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसल्या पाहिजेत, त्यांतच ऑइल टिकतं. मग साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा. पेट्रोलने धुतलं की दगडाची भुकटी रेषांतच राहते. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. वाळवलं की त्याच मिनिटाला ऑइलचा हात. जूनमध्ये आमच्याकडे हवाच ओली असते. एकदा “चहा पिऊन येतो” म्हणून उठलो, पाऊस लागला, परतायला दोन तास झाले, तर चकचकीत बोअरवर नारिंगी झाक चढलेली.

रिंगा बसवताना काय सांभाळायचं?

रिंग एकटीच बोअरमध्ये सोडा, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ७५ मिमीच्या बोअरला साधारण ०.३ मिमी. कमी असेल तर टोक किंचित घासायचं. फट पुरली नाही तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनेला कवेत घेतील अशीच बसली पाहिजेत, नाहीतर रिंग फिरते आणि तिचं टोक पोर्टमध्ये अडकतं. पिस्टनच्या डोक्यावरची खूण कुठे बघते त्याचा फोटो खोलतानाच काढा. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या जाड पिनेचे सर्क्लिप (ती निसटू नये म्हणून लावलेल्या कड्या) नेहमी नवे. जुना परत लावून वाचवलेले पैसे किती ते विचारू नका.

कनेक्टिंग रॉडच्या पिस्टनकडच्या छोट्या टोकाचं सुईचं बेअरिंग काही इंजिनांत सुट्या सुयांचं असतं. काढताना खाली फडकं पसरा आणि सुया मोजा. बसवताना ग्रीसने चिकटवा आणि पुन्हा मोजा. एक कमी भरली तर ती इंजिनातच आहे असं धरून चाला.

क्रँक घरी उघडता येतो का?

नाही. तो दाबून बसवलेला असतो. प्रेस आणि डायल गेज नसलेल्याने हात लावू नये.

पण तपासता येतो. बेअरिंग धुऊन, वाळवून हाताने फिरवा, खरखर लागली तर बदला. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढा, जराही खेळ जाणवला तर त्याचं क्रँककडचं मोठं टोक गेलंय. बाजूला थोडा हलला तर चालतं, तेवढी जागा ठेवलेलीच असते. क्रँक सरळ आहे का ते व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलने बघतात, मर्यादा साधारण ०.०५ मिमी.

क्रँक बांधायचा असेल तर यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० मोटरसायकलचे क्रँक बांधणारा कारागीर शोधा. काम तेच आहे. ठाण्यात आणि मुंबईत असे हात अजून आहेत.

क्रँककेसचे दोन भाग कशाने चिकटवायचे? तिथे पॅकिंग नसतं.

बहुतेक इंजिनांत नसतंच, कारण ब्लॉक आणि क्रँककेस जोडीने मशिन केलेले असतात. म्हणूनच एका इंजिनाचा अर्धा भाग दुसऱ्याला लावता येत नाही, मॉडेल तेच असलं तरी. हवा बंद झाल्यावर घट्ट होणारा ॲनेरोबिक गॅस्केट मेकर वापरा. दोन्ही कडा थिनरने पुसून कोरड्या करायच्या आणि एका बाजूला बारीक रेघ ओढायची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. बेअरिंगपासून लांब. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे थेट क्रँककेसमध्ये जातात. बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत. हेडचेही तसेच.

हेड बसवण्याआधी जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. काळे डाग राहिले तिथे हेड वाकलंय. पूर्ण एकसारखं राखाडी होईपर्यंत घासा.

फ्लायव्हील (क्रँकच्या वरच्या टोकाचं जड चाक) निघत नाही.

पुलर वापरा, मधल्या तीन आट्यांत बोल्ट लावून. बाहेरच्या कडेला हुक लावून ओढलं तर वाकतं, हातोडी मारली तर लोहचुंबक सुटतं. बसवताना टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक, कोरडा आणि स्वच्छ हवा. तेल लावू नका.

ऑइल कोणतं आणि किती?

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्यातली राख आउटबोर्डच्या रिंगांत आणि प्लगवर साचते. आणि “थोडं जास्त टाकलं की सुरक्षित” हेही खरं नाही. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, मिश्रण हलकंच होतं.

नेहमीचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. नवं बांधलेलं इंजिन पहिले दहा तास २५:१, म्हणजे त्याच टाकीला ९६० मिली. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. मापटं वापरा. “दोन झाकणं” हे माप नाही.

हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खराब होतं का?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच आहे. त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि खाडीकाठी ओलाव्याला तोटा नाही. टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनाभर विसरलात तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला मिळतं ऑइल नसलेलं इथेनॉल-पाणी. चारी बाजूंनी घासलेले पिस्टन मला हल्ली जास्त दिसतात, आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं की तळाशी रेघ दिसते.

लागेल तेवढंच मिसळा, पंधरा-वीस दिवसांत संपवा. जुन्या काळ्या नळ्या, बल्ब आणि पेट्रोल पंपाचा पडदा आतून चिकट झालेत का बघा आणि इंजिन बांधताना सरळ नवे टाका. दिवस संपला की नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, पण पाण्यातच.

रॉकेलवर चालणारी इंजिनं वेगळी बनवलेली असतात, त्यांचं कॉम्प्रेशन कमी असतं. आपलं पेट्रोलचं असेल तर रॉकेल मिसळू नका, आणि हेड किंवा पिस्टन एकमेकांचे लावू नका.

बांधून झालं. आता थेट समुद्रात?

आधी पिंपात, न्यूट्रलमध्ये, पाणी पंपाच्या वर येईल इतकं भरून. कोरडं एक सेकंदही नाही. इम्पेलरला वंगण पाण्याचंच असतं, कोरडा फिरला की रबर जळतं. दहा मिनिटं हळू. धूर जास्त येईल, येऊ द्या.

मग होडीवर, जाळी आणि बर्फाची पेटी न घेता. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वेग सारखा बदलत. दुसऱ्या तासात पाऊणपर्यंत, मध्ये मिनिटभर फुल. पुढचे आठ तास सलग फुल नको, आणि तासन्‌तास नुसतं आयडलवरही नको. दहा तासांनी प्लग काढून बघा, फिकट तपकिरी रंग आला असेल तर मी सुटलो. पांढरा असेल तर लगेच थांबा.

ऐरोलीच्या बाजूला चाचणीला जाऊ नका. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २५:१ चा धूर सोडत फिरायची ती जागा नव्हे. जुनं ऑइलही कांदळवनात ओतायचं नाही, डब्यात भरून रिसायकलवाल्याला द्या.

पायाचा गिअर पण खोलावा लागतो का?

खालचा स्क्रू सोडून ऑइल बघा. दुधासारखं पांढरं असेल तर पाणी शिरलंय. पंख्याच्या शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळून सील कापलं जातं, हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. सील बदला, स्क्रूचे वॉशरही बदला. ऑइल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. ॲनोड (पायाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) अर्धा झिजला की नवा. त्याला रंग मारू नका. रंगाखाली तो काम करत नाही आणि मग मीठ पायच खायला घेतं.

इंजिन खाडीत पडलं तर?

चालू असताना पडलं तर दोरी जोर लावून ओढू नका, आत पाणी असेल तर रॉड वाकतो. आधी प्लग काढा, भोकं खाली करून हळू फिरवा, पाणी निघेल. गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, ऑइल सोडा, आणि त्याच दिवशी सुरू करून तासभर चालवा. त्या दिवशी जमणार नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण गंज हवा लागल्यावर धरतो.

भाग कुठे मिळतील?

पिस्टन, रिंगा, क्रँकची सीलं कंपनीच्या डीलरकडूनच. बेअरिंग आणि साधी सीलं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मापावर मिळतात. बेअरिंगवर कोरलेला पूर्ण नंबर लिहून न्या, मागचं सी३ धरून. ते गाळलंत तर गरम झाल्यावर बेअरिंग जाम होतं. जुना ब्लॉक हवा असेल तर मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारात शोधा, पण बोअर गेज खिशात ठेवून.

त्यापेक्षा नवं घेऊ का?

क्रँक, बोअर आणि पायाचे गिअर तिन्ही गेले असतील, किंवा ब्लॉकच खाऱ्याने पोखरलेला असेल तर जुन्यात पैसे घालू नका. नुसते पिस्टन, सीलं आणि पंप एवढंच असेल तर बांधा. मधल्या सगळ्यांनी आधी टर्नरची मापं घेऊन यावं, मग बोलू.

नारळी पौर्णिमेपर्यंत तयार होईल का?

खोलून मोजायला दोन दिवस, पिस्टन यायला आठ ते पंधरा, टर्नरकडे आठवडा, बांधायला दोन, चालवून बघायला दोन. पाऊस धरून महिना. जूनमध्ये आणलंत तर होईल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन आणि नारळ दोन्ही घेऊन दारात उभे राहिलात तर नारळ तेवढा ठेवून जा.